‘इंग्लिश’ तीनशे पंधरा

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरात बंदूक असली तर ती बहुधा बारा बोअरची असते, आणि रायफल असली तर तीनशे पंधरा. तिच्याबद्दल घरात एक वाक्य ठरलेले असते: ‘ही इंग्लिश आहे, आजोबांच्या वेळची.’ वाक्य खोटे नसते. पण पुष्कळदा ते रायफलीच्या एकाच भागापुरते खरे असते. बॉडी एका कारखान्याची, नळी दुसऱ्याची, बोल्ट तिसऱ्याच रायफलीचा आणि दस्ता गावच्या सुताराच्या हातचा, अशीही रायफल निघते. तिला नकली म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. तिची ओळख एका नावात मिळत नाही, भागाभागाने वाचावी लागते, एवढेच.

मुळात तीनशे पंधरा हा बोअर इथे रुजला तो सरकारच्या भीतीपोटी. ब्रिटिश फौजेची रायफल १८८८ पासून .३०३ची. फौजेचे काडतूस जिच्यात चालेल अशी रायफल हिंदी माणसाच्या घरात असणे सरकारला परवडणारे नव्हते. १८७८च्या शस्त्र कायद्यामागेही तोच धाक होता. म्हणून नागरिकांसाठी वेगळे काडतूस आले. ते ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे, ८ मिलिमीटरचे, ५० मिलिमीटर लांब पितळी नळकांड्याचे. त्यालाच इकडे .३१५ म्हणतात. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने लष्करी ली-एनफील्डच्याच घडणीवर या बोअरच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात विकल्या. पुढे कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल कारखान्याने तीच घडण चालू ठेवली. स्वातंत्र्यानंतरही .३०३ रायफल सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. ती निषिद्ध बोअरमध्येच मोडते. रायफल ओळखण्याचा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही, तो इथेच.

वाचायला सुरुवात करायची ती बॉडीपासून. नळी आणि बोल्ट जिच्यात बसतात ती पोलादी बॉडी. दस्ता जिथे तिला मिळतो, तिथे उजव्या बाजूला पट्टीसारखी जागा असते. लष्करी रायफल असेल तर त्या जागी मुकुट, मुकुटाखाली राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुना ठोकलेला असतो. एनफील्ड, बीएसए किंवा एलएसए असेल तर माल इंग्लंडचा. मुकुटाखाली ‘जीआरआय’ आणि ईशापूरचे नाव असेल तर बॉडी इथलीच. राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर ती स्वातंत्र्यानंतरची. आणि नुसतेच ‘बीएसए’ असून मुकुट नसेल, तर ती फौजेसाठी नव्हे, बाजारासाठी घडलेली असण्याचा संभव मोठा. घरातले ‘इंग्लिश’ हे वाक्य बहुधा या इंचभर जागेवरूनच आलेले असते. पण ही जागा बोलते ती फक्त बॉडीबद्दल.

पुढचा पुरावा नंबरांचा. लष्करी ली-एनफील्डवर एकच नंबर अनेक ठिकाणी असे: बॉडीच्या पुढच्या कड्यावर, नळीच्या मागच्या जाड भागावर, बोल्टच्या मुठीच्या पाठीमागे, शिस्तीच्या पट्टीखाली, पुढच्या लाकडावर आणि नाकाडाच्या टोपीवर. शिकारी रायफल करताना नाकाड जाते, लाकूड कापले जाते, शिस्तही बदलते. उरतात त्या तीनच जागा, बॉडी, नळी आणि बोल्ट. तिन्ही नंबर जुळले तर भाग्य म्हणायचे. नाही जुळले तर नळी नीट पाहावी, कारण तिच्यावर सालाचे शेवटचे दोन आकडे स्वतंत्र असतात. बॉडीवर १९१७ आणि नळीवर ४२ आढळले तर नळी मागाहून बदलली हे उघड आहे. एखाद्या भागावर ठोकलेल्या दोन बाणांची टोके एकमेकांना भिडलेली दिसली, तर तो भाग ब्रिटिश सरकारी साठ्यातून रीतसर विकलेला. पुढच्या लाकडातून आरपार आडवा मजबुतीचा स्क्रू गेला असेल, तर ते लाकूड ईशापूरच्या परंपरेतले.

ही सरमिसळ कुणा एकाच्या लबाडीतून झाली असे समजू नये. फौजेच्या शस्त्रशाळेत झिजलेली नळी काढून नवी बसवणे, चांगला बोल्ट दुसऱ्या बॉडीत जुळवून घेणे हे रोजचे काम होते. महायुद्धांनंतर इंग्लंडात पार्कर-हेलसारख्या पेढ्यांनी सरकारी साठ्यातल्या रायफली घेऊन, लाकूड हलके करून त्या शिकारीसाठी विकल्या. आपल्याकडे मोडलेला भाग विलायतेहून येण्याची वाट कोण बघणार? मिळेल तो बसवला गेला.

नंबर न जुळलेल्या बोल्टकडे मात्र दुर्लक्ष करता कामा नये. बंद बोल्टचे तोंड आणि काडतुसाची बुडाची कड जिथे टेकते ती जागा, यांतल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. लष्करी .३०३साठी ही मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच होती. अंतर वाढले तर बार होताना पितळ ताणते, फाटू शकते आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट ६ आहे, भुसावळजवळ वरणगावला १९६४ पासून लहान शस्त्रांची काडतुसे बनवणारा आयुध कारखाना आहे. इंचाच्या हजाराव्या भागाला काय किंमत असते, हे जाणणारे निवृत्त हात खानदेशात आहेत. गेज लावून तपासणी मात्र परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत अशा रायफलीत काडतूस भरूच नये. बोअरही तेव्हाच मोजून घ्यावा. .३०३ची गोळी साधारण ७.९ मिलिमीटर जाडीची, .३१५ची ८.२. फरक डोळ्याला दिसत नाही, कायद्याला दिसतो.

सगळ्यात मोठे नुकसान होते ते पॉलिशने. वारसाहक्काने रायफल नावावर झाली की नवा मालक उत्साहाने ती घासूनपुसून, नवा काळा-निळा रंग चढवून आणतो. त्या घासण्यात मुकुट पुसट होतो, साल जाते, नंबराचा एखादा आकडा बुजतो. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचे नाव, नंबर किंवा ओळखखूण खोडणे, काढणे, बदलणे हा गुन्हा आहे. हेतू चांगला होता, हे नंतर सिद्ध करत बसावे लागते.

निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि पावतीवर पुन्हा तेच ‘बीएसए’ उतरते. त्याऐवजी घरच्या कागदात एकदा सविस्तर नोंद करून ठेवावी: बॉडीचे नाव, साल, नंबर, नळीचे साल, नंबर, मोजलेला बोअर, बोल्टचा नंबर, लाकूड कुणी आणि साधारण केव्हा बदलले. सोबत प्रत्येक खुणेचा तिरप्या उजेडात काढलेला फोटो ठेवावा. परवान्यातला नंबर यांपैकी कोणत्या भागावरचा आहे, हे त्या नोंदीत आधी लिहावे. तो बॉडीवरचा नसून नळीवरचा निघाला, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवून नोंद दुरुस्त करून घ्यावी, आणि हे काम नूतनीकरणाच्या तारखेपर्यंत लांबवू नये.