जिप्सी कॉब : भटक्यांनी घडवलेला घोडा

इंग्लंडच्या कम्ब्रिया परगण्यातील ॲपलबी या लहानशा गावात दर वर्षी जूनच्या प्रारंभी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधील हजारो भटके लोक त्यासाठी येथे जमतात. ईडन नदीच्या पात्रात घोड्यांना स्नान घातले जाते आणि रस्त्यावर त्यांना पळवून गिऱ्हाइकांना त्यांची चाल दाखवली जाते. या बाजाराचे प्रमुख आकर्षण म्हणजे ‘जिप्सी कॉब’. राजेरजवाड्यांच्या पागांशी वा सरकारी पैदास केंद्रांशी या अश्वप्रकाराचा संबंध नाही. रोमानिचल नावाने ओळखल्या जाणाऱ्या भटक्या समाजाने तो आपल्या गरजेतून घडवला.

‘कॉब’ म्हणजे भक्कम बांध्याचा, मध्यम उंचीचा घोडा. घोड्याची उंची ‘हँड’ या चार इंचांच्या मापात मोजली जाते. जिप्सी कॉब साधारणपणे १३ ते १६ हँड, म्हणजे सुमारे १३२ ते १६३ सेंटिमीटर उंच असतो. रुंद छाती, आखूड पाठ आणि दाट आयाळ ही त्याची लक्षणे होत. मात्र त्याची खरी ओळख आहे ती गुडघ्यापासून खुरांपर्यंत उतरणाऱ्या लांब, रेशमी केसांची. इंग्रजीत या केसांना ‘फेदर’, म्हणजे पीस, असे म्हणतात. शायर व क्लाइड्सडेल हे अवजड ओढकामाचे घोडे आणि डेल्स व फेल ही उत्तर इंग्लंडमधील तट्टे यांच्या संकरातून हा प्रकार आकाराला आला. अनेक जिप्सी कॉब काळ्या-पांढऱ्या किंवा तांबूस-पांढऱ्या रंगाचे असतात. परंतु रंग ही या जातीची अट नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८५० च्या सुमारास, ब्रिटनमधील भटकी कुटुंबे ‘वार्डो’ नावाच्या लाकडी घरगाड्यांतून राहू लागली. चूल, बिछाने आणि सारा संसार घेऊन चालणारी ही गाडी ओढण्यासाठी ताकदवान घोडा हवा होता. तो फार मोठा असून चालत नसे, कारण त्याची गुजराण बहुतांशी रस्त्याकडेच्या गवतावरच व्हायची. दिवसभर एकसारख्या दुडक्या चालीने गाडी ओढण्याचा दमही त्याच्या अंगी असावा लागे. मुले घोड्याच्या आसपासच वावरत असल्याने चिडखोर जनावराला तेथे थारा नव्हता. शिंगराचे शिक्षण लहान वयातच सुरू होई. गाडीला जुंपलेल्या घोड्याच्या बाजूला त्याला आखूड दोरीने बांधून चालवले जाई आणि अशा रीतीने ते रस्त्याला व गोंगाटाला सरावत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींनी घरगाडीची जागा घेतली. घोड्याची गरज संपली, परंतु त्याची प्रतिष्ठा वाढली. सध्याचे देखणे रूप याच काळातील जाणीवपूर्वक पैदाशीतून साकारले. वंशावळी लेखी नव्हत्या. त्या पैदासकारांच्या स्मरणात असत आणि तोंडी पुढे जात. या घोड्यांची पहिली नोंदणी संस्था १९९६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तेथे त्याला ‘जिप्सी व्हॅनर’ म्हणतात. युरोप खंडात ‘टिंकर’ हे नाव रूढ असले, तरी आयरिश भटक्यांसाठी तो शब्द हिणवणारा आहे.

पायांवरील केसांचे सौंदर्य निगा मागते. ओलावा व चिखल साचल्यास त्वचेचे विकार जडतात आणि केसांआड सूक्ष्म परजीवी वाढतात. लसिकावाहिन्यांतील दोषामुळे पाय कायमचे सुजण्याचा आजारही अशा केसाळ जातींत आढळतो. त्यावर पूर्ण उपचार नाही. केवळ तो आटोक्यात ठेवता येतो.

या घोड्याच्या पालनकर्त्यांचे भारताशी जुने नाते आहे. रोमानी भाषा इंडो-आर्यन कुळातील असून ‘पानी’, ‘कान’ हे तिच्यातील शब्द मराठी वाचकाला सहज ओळखू येतील. रोमा समाजाचे पूर्वज सुमारे १,५०० वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले असावेत, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मांडण्यात आला. घोड्यासाठीचा ‘ग्रस्त’ हा रोमानी शब्द मात्र आर्मेनियन भाषेतून आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ते इजिप्तहून आले, या गैरसमजातून युरोपीयांनी त्यांना ‘जिप्सी’ हे नाव दिले. आयर्लंडमधील भटके हा निराळा समाज असून त्यांचे मूळ आयर्लंडमध्येच आहे.

आज जिप्सी कॉब अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचला असला, तरी त्याच्या निर्मात्यांचा रस्ता अरुंद होत गेला आहे. १९६८ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील स्थानिक प्रशासनांवर भटक्यांसाठी तळ उपलब्ध करून देण्याची जबाबदारी टाकली होती. इंग्लंड व वेल्समधील ही जबाबदारी १९९४ मध्ये रद्द झाली. परवानगीविना चरणारे घोडे हलवण्याचे अधिकार इंग्लंडमधील जमीनमालकांना २०१५ च्या कायद्याने मिळाले. २०२२ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये अनधिकृत मुक्कामाविरुद्धच्या तरतुदी अधिक कडक केल्या. एकदा हलवलेल्या कुटुंबाने त्याच जागी परतण्यावरील मनाई तीन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्यात आली. ही वाढ मानवी हक्कांशी विसंगत असल्याचा निर्णय लंडनच्या उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला.

घोड्याची वंशावळ आता नोंदवह्यांत सुरक्षित आहे. परंतु शिंगराला आईच्या बाजूने चालवत रस्ता शिकवणे किंवा जनावराचा स्वभाव नजरेने पारखणे ही विद्या वहीत उतरत नाही. ती टिकण्यासाठी घोड्याला चरायला कुरण आणि कुटुंबाला थांबायला जागा, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.