रिकामी जागा यंदाची की तिसऱ्या वर्षाची?

2020 च्या एप्रिलमध्ये ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उभा होता. आदल्या हंगामात 16 पैकी 13 साखळी सामने जिंकलेले, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, एका सामन्याने हुकलेला. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरल्याप्रमाणे सुरू करणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, होता ॲरन रॉजर्स. त्याचे चेंडू झेलायला आणखी एक चांगला रिसीव्हर मिळाला की काम फत्ते, हे संघाच्या विस्कॉन्सिन राज्यातलं शेंबडं पोरही सांगत होतं. ड्राफ्टच्या, म्हणजे कॉलेजमधल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, रात्री पॅकर्सनी मायामी डॉल्फिन्सशी सौदा करून 30व्या क्रमांकावरून 26व्यावर उडी मारली. आणि निवडला कोण, तर जॉर्डन लव्ह. आणखी एक क्वार्टरबॅक!

चाहते खवळले. रॉजर्स तेव्हा 36 वर्षांचा होता, करार 2023 पर्यंतचा होता. मग हे नवं पोरगं करणार काय? बाकावर बसणार? तीन वर्षं बहुतांशी तेच झालं. रॉजर्सने 2020 आणि 2021 अशी लागोपाठ दोन वर्षं लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब पटकावला, 2023 मध्ये तो न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, आणि लव्ह पहिल्याच पूर्ण हंगामात संघाला प्लेऑफमध्ये घेऊन गेला. तिथे त्याने डॅलसला डॅलसच्याच मैदानावर 48-32 असं लोळवलं. हीच चाल पॅकर्स आधीही खेळले होते. 2005 साली ब्रेट फार्व्ह 35 वर्षांचा असताना त्यांनी 24व्या क्रमांकावर रॉजर्सलाच घेतलं होतं आणि तीन वर्षं बसवून ठेवलं होतं.

चाहत्यांच्या त्या रागामागे एक सार्वत्रिक समज आहे: संघात आज जी जागा दुबळी, ती भरायला ड्राफ्ट असतो. ड्राफ्टबद्दलचे बाकीचे बरेच गैरसमज याच्याच पोटातून निघतात.

आपल्याकडच्या वाचकाला आधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आयपीएलमुळे ‘खेळाडूंची निवड’ म्हटलं की हातात फलक धरून बोली लावणारे मालक डोळ्यांसमोर येतात. एनएफएलच्या, म्हणजे या अमेरिकन फुटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये बोली नसते. 32 संघ, सात फेऱ्या. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी करणारा संघ पहिला, सुपर बोल विजेता शेवटचा. ज्याचा क्रमांक, त्याची निवड. कॉलेजमधून आलेल्या खेळाडूला ‘मला दुसरा संघ हवा’ म्हणण्याची फारशी सोय नाही. 1935 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी पहिला ड्राफ्ट झाला. श्रीमंत संघांनीच सगळे चांगले खेळाडू ओढू नयेत, हा हेतू.

पैसा बोलीत नसला तरी सगळं गणित पैशाचंच आहे. 2011 च्या कामगार करारापासून नव्या खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरून जवळपास ठरूनच येतो. त्याआधी, 2010 मध्ये, पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डने पाच कोटी डॉलरची हमी असलेला करार खिशात घातला होता. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करार सव्वादोन कोटींच्या आतबाहेर होता. दुसरीकडे संघाने एकूण पगारावर किती खर्च करायचा याला मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. 2025 मध्ये ती 27 कोटी 92 लाख डॉलर होती. त्यात 53 जणांचा संघ बसवायचा.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ड्राफ्टमधला खेळाडू चार वर्षांच्या करारावर येतो. दर वर्षी साधारण सात निवडी धरल्या आणि सगळे टिकले, तर चार वर्षांत अठ्ठावीस खेळाडू झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त संघ स्वस्तात. सगळे अर्थातच टिकत नाहीत, पण जितके टिकतील तितके पैसे मोठ्या नावांसाठी मोकळे. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262वा खेळाडू. 2023 च्या हंगामात त्याचा पगार 8 लाख 70 हजार डॉलर होता आणि त्याने संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. 2025 च्या मे महिन्यात त्याचा नवा करार झाला: पाच वर्षांचे 26 कोटी 50 लाख डॉलर. मधल्या तीन हंगामांत उरलेल्या पैशांवर बाकी तालेवार खेळाडू पोसता आले.

म्हणून व्यवस्थापक यंदाच्या संघाकडे पाहतो त्याहून जास्त करारांच्या तारखांकडे पाहतो. कोण कधी मोकळा होणार, कोण तिशी ओलांडणार, कोणाचा पगार पुढच्या वर्षी परवडणार नाही. यंदाची भगदाडं त्याने शक्यतो मार्चमध्येच बुजवलेली असतात. करार संपलेले अनुभवी खेळाडू त्या महिन्यात बाजारात येतात, याला फ्री एजन्सी म्हणतात, आणि ड्राफ्ट येतो त्यानंतर एप्रिलअखेरीस. क्रम मुद्दाम तसा वापरला जातो. मार्चमध्ये निदान कामचलाऊ माणूस आणून ठेवला की एप्रिलमध्ये नाइलाजाने कोणालाही उचलावं लागत नाही.

ईगल्सचं 2022 मधलं उदाहरण यासाठी उत्तम. सेंटर म्हणजे मैदानावर वाकून पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देणारा भारदस्त गडी. ईगल्सकडे या जागी जेसन केल्सी होता, त्या पिढीतला सर्वोत्कृष्टांपैकी एक. सेंटरच्या रकान्यात वर्षं मांडली असती तर असं दिसलं असतं: 2022, केल्सी, वय 34. 2023, केल्सी, मनात आलं तर. 2024, कोरं. संघाने दुसऱ्या फेरीत, 51व्या क्रमांकावर, कॅम जर्गन्स हा सेंटर घेतला. कॉलेजच्या सेंटरांपैकी कोण चांगला, हे संघाने खुद्द केल्सीला विचारलं होतं आणि जर्गन्स त्याच्या पसंतीचा होता. आपली जागा घेणाऱ्याची शिफारस आपणच करायची, हे मोठेपण सगळ्यांना जमत नाही. जर्गन्स पहिलं वर्ष बहुतेक बसून राहिला. दुसऱ्या वर्षी शेजारची गार्डची जागा मोकळी झाली तेव्हा केल्सीच्या खांद्याला खांदा लावून तिथे खेळला. 2024 च्या मार्चमध्ये केल्सी निवृत्त झाला, जर्गन्स मधोमध आला आणि 2025 च्या फेब्रुवारीत ईगल्सनी सुपर बोल जिंकला.

त्याच संघाने 2018 मध्ये याहून धाडसी उद्योग केला होता. लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा गडी, जेसन पीटर्स 36 वर्षांचा झाला होता. सातव्या फेरीत त्यांनी जॉर्डन मायलाटा घेतला, ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा खेळाडू. त्याने आयुष्यात अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता! दोन वर्षं त्याला नुसतं शिकवलं. तिसऱ्या वर्षी तो उतरला आणि पुढे लीगमधल्या उत्तम टॅकलांमध्ये गणला जाऊ लागला.

याच्या नेमकी उलटी समजूतही तितकीच लोकप्रिय आहे: हुशार संघ गरज बघतच नाहीत, यादीतला सर्वांत चांगला खेळाडू डोळे झाकून उचलतात. व्यवस्थापकांनाही हे मुलाखतींत म्हणायला आवडतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. बाल्टिमोर रेव्हन्सची 1996 ची गोष्ट यासाठी नेहमी सांगतात. क्लीव्हलँडहून आलेल्या या संघाचा तो पहिलाच ड्राफ्ट. त्यांना रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, हवा होता आणि चौथ्या क्रमांकावर लॉरेन्स फिलिप्स उपलब्ध होता. लेफ्ट टॅकलच्या जागी टोनी जोन्स होताच. तरी ओझी न्यूसम यांनी टॅकल जोनाथन ऑग्डेनला घेतलं. वर्षभर त्याला गार्ड म्हणून खेळवलं, पुढच्या वर्षी जोन्स डेन्व्हरला गेला आणि ऑग्डेन आपल्या जागी आला. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. फिलिप्सची कारकीर्द पार भरकटली. गोष्ट ‘गरज पाहू नका’ची म्हणून सांगितली जाते, पण जोन्सनंतर कोण, हा प्रश्न ऑग्डेनने सोडवलाच. गरज होती, ती एक वर्ष पुढे होती इतकंच.

प्रत्यक्षात संघ खेळाडूंचे गट पाडतात. एका गटातले पाच-सहा जण जवळपास सारख्या तोलाचे मानले जातात, आणि त्या गटात निवड करताना गरज बोलते. खालच्या गटातल्याला केवळ जागा रिकामी आहे म्हणून वर खेचायचं नाही, हा संयम. सिनसिनाटी बेंगल्सची 2021 मध्ये परीक्षा झाली. क्वार्टरबॅक जो बरोचा गुडघा आदल्या वर्षी निकामी झाला होता, म्हणून त्याचं रक्षण करणारा टॅकल पेनेई सूएल घ्या, असा घोशा होता. त्यांनी पाचव्या क्रमांकावर रिसीव्हर जामार चेस घेतला. त्या हंगामात संघ सुपर बोलमध्ये पोचला. तिथे बरोला सात वेळा पाडण्यात आलं आणि सामना तीन गुणांनी गेला. पुढच्या मार्चमध्ये बेंगल्सनी बाजारातून रक्षणफळीतले अनुभवी गडी आणले. सूएलही डेट्रॉइटकडून नावारूपाला आला. कोण बरोबर होतं, यावर सिनसिनाटीत अजूनही वाद घालता येईल.

वरचा क्रमांक मिळाला की भविष्य सुरक्षित, हा समज सर्वांत महाग पडतो. नव्वदीच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजने प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा तक्ता केला. पहिल्या क्रमांकाला 3000 गुण. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि सौदे करताना त्याची छाया अजून दिसते. पुढे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी (थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) दाखवून दिलं की वरच्या क्रमांकांसाठी संघ फार जास्त मोजतात. एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात 52 टक्के निघाली. नाणं उडवलं तरी 50 मिळतात.

फोर्टीनाइनर्सनी 2021 मध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी पहिल्या फेरीच्या तीन आणि तिसऱ्या फेरीची एक निवड देऊन क्वार्टरबॅक ट्रे लान्सला घेतलं. दोन वर्षांनी तो चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला देऊन टाकला. त्यांना तारलं त्या 262व्या पर्डीने. कॅरोलायना पँथर्सनी 2023 मध्ये पहिल्या क्रमांकासाठी शिकागो बेअर्सना जे दिलं त्यात पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवडही होती. पँथर्स त्या हंगामात 17 पैकी 15 सामने हरले, त्यामुळे ती निवड 2024 च्या ड्राफ्टमधली पहिलीच ठरली. शिकागोने तिच्यावर केलेब विल्यम्स घेतला. उद्याची निवड विकताना आपण उद्या किती वाईट असू, हे कोणी धरत नाही.

वर सरकणं नेहमीच मूर्खपणाचं असतं असं मात्र नाही. रेव्हन्सनी 2018 मध्ये सौदा करून पहिल्या फेरीची शेवटची, 32वी निवड मिळवली आणि लामार जॅक्सनला घेतलं. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीपर्यंत थांबले असते तर? पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ पाचव्या वर्षासाठीही राखून ठेवू शकतो, दुसऱ्या फेरीतल्याला नाही. क्वार्टरबॅकच्या बाबतीत ते एक जादा वर्ष सोन्याच्या मोलाचं. जॅक्सन 2019 मध्येच लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 2022 चा हंगाम त्या पाचव्या वर्षाच्या कलमावरच खेळला.

लॉस एंजेलिस रॅम्सनी ड्राफ्टला रामराम ठोकून सुपर बोल जिंकला, असंही सर्रास म्हटलं जातं. 2017 ते 2023 अशी सात वर्षं त्यांनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही, हे खरं. पण 2022 च्या फेब्रुवारीतल्या विजयाचा मानकरी कूपर कप तिसऱ्या फेरीतला होता. 2023 च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी तब्बल 14 खेळाडू घेतले, आणि त्यातल्या पाचव्या फेरीतल्या पुका नाकुआने नवोदितांचे झेलांचे आणि यार्डांचे विक्रम मोडले. पहिली फेरी विकून त्यांनी खालच्या फेऱ्या जास्तच मन लावून खेळल्या.

राहिली दुसऱ्या दिवशीची गुणपत्रिका. ड्राफ्ट संपताच पंडित संघांना शाळेतल्यासारखे शेरे देतात, आणि ते शेरे बहुधा सप्टेंबरमधल्या संघाला उद्देशून असतात. 2012 मध्ये सिॲटल सीहॉक्सनी मार्चमध्ये मॅट फ्लिन हा क्वार्टरबॅक आणला आणि एप्रिलमध्ये तिसऱ्या फेरीत आणखी एक घेतला, तोही उंचीने कमी. शेरेबाजांनी त्या ड्राफ्टला तळाचे गुण दिले. तो क्वार्टरबॅक रसेल विल्सन होता, दुसऱ्या फेरीत घेतलेला बचावफळीतला लाइनबॅकर बॉबी वॅग्नर होता, आणि 2014 च्या फेब्रुवारीत सिॲटलने डेन्व्हरला 43-8 असं चिरडून सुपर बोल जिंकला.

ड्राफ्टची पहिली फेरी भारतात सहसा शुक्रवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते. उठून पाहणार असाल तर आवडत्या संघातल्या कोणाचे करार पुढच्या दोन वर्षांत संपताहेत, एवढी यादी आदल्या रात्री काढून ठेवा. पंडितांच्या शेऱ्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.