बेडकांची बुरशी : नाव एक, वाण अनेक

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की बारामती-इंदापूरकडची डबकी एका रात्रीत बोलू लागतात. सकाळी उसाच्या सरीत, शेततळ्याच्या कडेला, कालव्याच्या चारीत पिवळेजर्द बेडूक दिसतात आणि चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं विषारी आहेत, कुणी म्हणतं रोग आलाय. बेडकांना मारणारी एक बुरशी जगात खरोखरच आहे. पण तिच्याविषयीची भीती अनेकदा चुकीच्या जागी असते आणि बेफिकिरीही.

गैरसमज १ : पिवळा पडलेला बेडूक आजारी असतो.

वस्तुस्थिती : हा आपला सगळ्यात मोठा बेडूक. विणीच्या दिवसांत त्याचा नर हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या दिसतात. हंगाम सरला की रंग उतरतो. आजारी बेडूक वेगळा ओळखू येतो : तो सुस्त असतो, भरदिवसा उघड्यावर बसून राहतो, कातडीचे पापुद्रे सुटतात आणि उलटा पडला तर त्याला सरळ होता येत नाही.

गैरसमज २ : कातडीवरच्या बुरशीनं जीव जात नाही.

वस्तुस्थिती : माणसाचं गजकर्ण आणि बेडकाची बुरशी यांत मोठा फरक आहे. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं शोषतो. श्वासाचं आणि क्षारांचं बरंचसं कामही कातडीच करते. ‘कायट्रिड’ गटातल्या या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहत येतात आणि कातडीत घर करतात. मग रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घटतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. बुरशी कातडीच्या ज्या कठीण थरात वाढते, तो बेडूकमाशांच्या फक्त तोंडाशी असतो, म्हणून बुरशी असूनही ते बहुधा जगतात. पाय फुटून बेडूक झाले की मरू लागतात. १९९८ मध्ये ही बुरशी ओळखली गेली. २०१९ च्या जागतिक आढाव्यानुसार तिच्यामुळे ५०१ जातींच्या उभयचरांची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. माणसाला मात्र तिची लागण होत नाही.

गैरसमज ३ : बुरशी एकच, म्हणजे नुकसानही सगळीकडे सारखंच.

वस्तुस्थिती : गव्हाचा तांबेरा पाहिलेल्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. तांबेरा एकच म्हणतात, पण त्या बुरशीचेही अनेक वाण असतात. एखादा नवा वाण कालपर्यंत तग धरणारा गहू झोपवतो. बेडकांच्या बुरशीचंही तसंच. तिचा एक वाण जगभर पसरला आणि बहुतेक साथी त्याच्याच नावावर आहेत. दुसरा दक्षिण आफ्रिकेतल्या केपचा, शिवाय ब्राझीलचा आणि आशियातले वेगळेच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात युरोपातल्या भेकांना जागतिक वाणानं केपच्या वाणापेक्षा जास्त मारलं.

स्पेनमधलं उदाहरण बोलकं आहे. तिथे एका गटातले बेडूक अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून फिरतात. माद्रिदजवळच्या डोंगरात जागतिक वाण पोहोचला आणि त्यांचे ढीग पडले. मायोर्का बेटावर त्यांच्याच भाऊबंदांत केपचा वाण शिरला, पण तिथे तसा संहार झाला नाही. अर्थात बेडकाची जात आणि पाण्याचं तापमान यांचाही त्यात वाटा असतो.

गैरसमज ४ : आपल्याकडे ही बुरशी नाही; असली तरी आशियाई वाण निरुपद्रवी.

वस्तुस्थिती : २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर, आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या तीन प्रदेशनिष्ठ जातींच्या बेडकांत ती नोंदवली. वाण आशियातल्याच एका वाणाच्या नात्यातला निघाला. तीनपैकी दोन जातींच्या बेडकांवर बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तिसरा हुमायूनचा रातबेडूक; त्याच्या कातडीवर मात्र जखमा होत्या, रंग तपकिरी पडला होता, पापुद्रे सुटत होते. म्हणजे एकच वाण एका जातीत गप्प राहतो आणि दुसरीला पोळतो. २०१८ च्या संशोधनानं या बुरशीचं मूळच पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला दाखवलं. वाण एकत्र आले की त्यांचा संकरही होतो. ब्राझीलमध्ये असे संकरित वाण सापडले आहेत. म्हणून बाहेरचा वाण आत येऊ न देणं महत्त्वाचं.

गैरसमज ५ : आपल्या उन्हात बुरशी टिकत नाही, टिकलीच तर फवारणी आहे.

वस्तुस्थिती : १७ ते २५ अंश सेल्सिअस तिला मानवतं, तीसच्या आसपास ती मरू लागते. एप्रिल-मेचं ऊन आपल्या बाजूनं आहे, हे खरं. पण पावसाळी गारवा आणि हिवाळा तिला चालतो. आणि आपलं पाणी येतं कुठून? नीरा आणि भीमा दोन्ही सह्याद्रीतूनच उतरतात. फवारणीचं म्हणाल तर, द्राक्षबागेतलं बुरशीनाशक डबक्यात गेलं की आधी बेडूकमासेच मरण्याची भीती. क्लोरोथॅलोनिलनं ते मरतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. मायोर्कात बुरशी हटवली, पण त्यासाठी बेडूकमासे पकडून त्यांना औषध दिलं आणि रिकामी डबकी निर्जंतुक केली. उघड्या शिवारात ते जमणारं नाही.

आपल्याला जमण्यासारखं सोपं आहे. एका पाण्यातले बेडूक किंवा बेडूकमासे दुसऱ्या पाण्यात सोडू नका. घरच्या टाकीतले परदेशी जलचर ओढ्यात टाकू नका. घाटातून फिरून आलात तर बूट आणि जाळी धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. पूर्ण कोरडेपणा या बुरशीला सोसत नाही. एकाच जागी बरेच बेडूक मेलेले दिसले तर फोटो काढून वनविभागाला कळवा. पिकावरची कीड रात्रभर फुकट टिपणारा हा सोबती आपल्या बांधावर टिकायला हवा.