साठी आणि बुद्धी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्या कोणी रचली, तो गृहस्थ साठीच्या आतलाच असला पाहिजे! घरोघर ती हसत हसत म्हटली जाते. ज्यांना उद्देशून म्हटली जाते, तेही हसतात. आणि हळूहळू ती खरी मानू लागतात.

मी नांदेडचा, पंचाहत्तरी उलटलेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या वयाच्या मंडळींना एस. टी.चा प्रवास मोफत झाला. लातूरला लेकीकडे जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर यांपैकी कुठेतरी कोणीतरी विचारतोच, "आजोबा, घरी हरी हरी करायचं सोडून कुठं चाल्लाव?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. उलट तो उठून जागाही देतो!

खरी अडचण या मायेचीच आहे. माझे एक स्नेही जन्मभर हिशेबनीस होते. मुलाने प्रेमाने सांगितले, "बाबा, आता आराम करा," आणि बँकेचे पासबुक स्वतःकडे घेतले. वर्षभरात हे गृहस्थ भाजीवाल्याकडची मोडसुद्धा दोनदोनदा मोजू लागले. बुद्धी नाठी झाली नव्हती; तिला काम उरले नव्हते.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओहायो राज्यातील पन्नाशीपुढच्या ६६० माणसांना, स्वतःच्या म्हातारपणाविषयी काय वाटते, असे पूर्वी विचारलेले होते. ज्यांना बरे वाटत होते, ती माणसे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली. प्रकृती व सांपत्तिक स्थिती यांतील फरक जमेस धरूनही हा निष्कर्ष टिकला. म्हणजे आपल्या थट्टेचा हिशेब आयुष्याच्या वर्षांत होतो, वाचकहो!

आपल्याकडे उपेक्षेवर उपाय झाले नाहीत असे नाही. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये ठराव केला, की जे कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाहीत, त्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ती रक्कम आईवडिलांच्या खात्यात भरावी. कपात प्रत्यक्ष सुरूही झाली. तक्रारी आलेल्या बारा जणांत सहा शिक्षक होते, हे वाचून मन खिन्न झाले.

या उपायाने म्हाताऱ्यांच्या ताटात भाकरी पडेल, आणि ती पडलीच पाहिजे. परंतु घरातल्या निर्णयात त्यांचे मत विचारावे, असा ठराव कोणती जिल्हा परिषद करणार? ते काम तुमच्याआमच्या ओसरीवरचेच आहे.

या दिवाळीत आजोबांना नवे कपडे आणाल, ते आणाच. सोबत किराण्याची यादी आणि पैसेही त्यांच्या हाती द्या. एखादी वस्तू विसरून येतील. चाळिशीतला मुलगाही विसरतोच की. तेव्हा त्याचे वय कोणी काढीत नाही.