एका कॅडबरीच्या दोन गोष्टी

प्रथम भाषेविषयी बोलते. कारण तोच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. ‘कॅडबरी’ हे विशेषनाम असल्याचे व्याकरण सांगेल, पण आपल्या घरांत ते केव्हाच सामान्यनाम होऊन बसले आहे. चॉकलेट कोणत्याही कंपनीचे असो, पाहुणे येताना ‘मुलांसाठी दोन कॅडबऱ्या’च घेऊन येतात. अनेकवचनसुद्धा आपण चालविले! या वाक्यातला ‘मुलांसाठी’ हा शब्द मात्र कंपनीला सलत होता. चॉकलेट ही पोरांची चैन. थोरामोठ्यांनी चारचौघांत ते खाणे म्हणजे स्वतःचे हसे करून घेणे, अशी आपली समजूत. ती मोडावी म्हणून १९९४ साली जी जाहिरात निघाली, ती माझ्या वयाच्या वाचकांना अजून आठवत असेल.

फलंदाज नव्व्याण्णवावर आहे. प्रेक्षकांत फुलाफुलांचा झगा घातलेली एक तरुणी हातात चॉकलेट धरून जीव मुठीत घेऊन बसली आहे. चेंडू उंच उडतो, क्षेत्ररक्षक त्याच्याखाली धावतो. क्षणभर वाटते, संपले! आणि चेंडू सीमेपार जातो. मग ती मुलगी सुरक्षारक्षकाला हुलकावणी देऊन मैदानात शिरते आणि जे नाचते, त्याला नाच तरी कसे म्हणावे? हात एकीकडे, पाय दुसरीकडे. फलंदाज बिचारा शरमून गोरामोरा झालेला. महेश मथाई यांचे दिग्दर्शन, लुई बँक्स यांचे संगीत, शंकर महादेवन यांचा आवाज आणि शब्द पियूष पांडे यांचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये पांडे निवर्तले, तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांतून ही मुलगी पुन्हा नाचून गेली.

कल्पना अगदीच हवेतली नव्हती. जानेवारी १९६० मध्ये ब्रेबोर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेगने अर्धशतक केले, तेव्हा एक मुलगी मैदानात धावत गेली आणि तिने त्याच्या गालाचे चुंबन घेतले. मुंबईला तो विषय पुढे कितीतरी दिवस पुरला!

आता दुसरी गोष्ट. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच कंपनीने तीच जाहिरात पुन्हा काढली. गाणे तेच, नव्व्याण्णव तेच, चेंडूखाली धावणे तेच. पण बॅट मुलीच्या हाती, आणि चॉकलेट खात बसलेला व मागाहून धावत येऊन वेडावाकडा नाचणारा तो मुलगा. शेवटी मुलींना शुभेच्छा. सगळीकडे वाहवा झाली. मीही पाहिली, आणि लपवीत नाही, डोळे भरून आले. १९९४ साली मी आठवीत होते. वाड्याच्या अंगणात भावाने षटकार मारला की मी त्या मुलीसारखी नाचत असे, आणि आत्या ओसरीवरून ओरडे, ‘अगं, काय हे अंगविक्षेप!’

प्रथम वर्षाच्या वर्गाला जाहिरातीची भाषा शिकविताना या दोन्ही जाहिराती मी एकापाठोपाठ एक दाखविल्या. माझे विवेचन तयार होते: जुनीत पुरुष कर्ता, स्त्री प्रेक्षक; नवीत उलट. वर्ग मात्र थंड! एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, दुसरीत विशेष काय आहे?’ तेव्हा माझ्या ध्यानात आले की, या मुलांनी पहिली जाहिरात कधी पाहिलेलीच नव्हती. मुलीच्या हाती बॅट हे त्यांना नवल नाही. नवी जाहिरात गंमतीची वाटावयास जुनी पाठ असावी लागते. म्हणजे ती मुलींसाठी असल्याचे म्हटले, तरी खरी बोलत होती चाळिशीतल्या आमच्याशी. आमच्याच आठवणी आम्हालाच वेष्टनात गुंडाळून विकल्या, आणि आम्ही त्या कौतुकाने घेतल्या. धंदा म्हणून हे चोख आहे. त्याला मी नावे ठेवीत नाही.

याच पाच-सहा दिवसांच्या अंतराने आणखी एक गोष्ट घडली. क्रिकेटच्या नियमांचे रखवालदार असलेल्या एम. सी. सी. ने ‘बॅट्समन’ हा शब्द काढून ‘बॅटर’ घातला. इंग्रजीला जे २०२१ मध्ये करावे लागले, ते मराठीत करण्याची गरजच नव्हती. आपला ‘गोलंदाज’ मूळचा तोफखान्यातला, त्याच्या नमुन्यावर ‘फलंदाज’ घडला. दोघांनाही लिंग नाही. पण शहाणपणा मिरवू नये. नाम निर्मळ असले तरी आपले क्रियापद चुगली करते: ‘फलंदाज बाद झाला.’ ‘झाली’ ऐकावयास आपल्या कानांना किती वर्षे थांबावे लागले!

कारण खेळणाऱ्या बायका नव्हत्या असे नाही. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ ची, आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा त्याच वर्षी आपल्या पुण्यात झाली. जाहिरातीच्या आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, मुंबईच्या डायना एडलजी इंग्लंडमधल्या विश्वचषकात भारताचे नेतृत्व करीत होत्या. मला हे ठाऊक नव्हते. मी अंगणात त्या प्रेक्षक मुलीची नक्कल करीत होते. कर्णधाराची करावी हे मला सुचणार तरी कोठून? दूरदर्शनच्या पडद्यावर एक होती, दुसरी नव्हती.

हे सारे मी वर्गात रंगून सांगत असता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. जिल्ह्याच्या संघात खेळते, सकाळच्या सरावामुळे तासाला नेहमी उशिरा येते. म्हणाली, ‘मॅडम, मला जुनीच आवडली.’

मी चकित! ‘का ग?’

‘त्यात ती एकटीच मोकळी आहे. सगळे नियमाने खेळताहेत, ती नियम मोडून आत आली. नवीत बॅट मिळाली, पण नाच त्याच्याकडे गेला. आता लाजायचं काम तिचं.’

वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही. ‘प्रेक्षक’ म्हणून जिला मी फळ्यावर एका खान्यात बसविले होते, ती तेथे बसावयास तयारच नव्हती. अदलाबदल केली की न्याय झाला असे आपण धरून चालतो. पण या अदलाबदलीत पहिल्या मुलीचे काहीतरी गेले, ते मला इतक्या वर्षांत दिसले नव्हते. मुलींना बॅट आणि नाच दोन्ही का नकोत, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘दोन्ही हवंय की! त्या रात्री पाहिलं नाहीत का?’

ती रात्र म्हणजे २ नोव्हेंबर २०२५ ची. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि मग खेळणाऱ्याच मैदानभर नाचल्या. पाहिले होते. आत्याही जागी होती. वय झाले आहे, पण झोपायला तयार नव्हती. मी उठून दिवाणखान्यात दोन गिरक्या घेतल्या, तर म्हणाली, ‘अगं, टी. व्ही. पुढून बाजूला हो, मला दिसत नाही.’