विजेपेक्षा वारा वाईट

आभाळ गडगडू लागले की विमानातल्या उतारूचा जीव खिडकीबाहेरच्या विजेकडे लागतो. वैमानिकाची चिंता निराळीच असते. वीज विमानावर पडतेही. पण बहुधा ती धातूच्या कवचावरून धावत बाहेर निघून जाते. अपवाद आहेत. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत एल्क्टन गावाजवळ एका बोइंग ७०७ च्या टाकीतली इंधनाची वाफ विजेने पेटली आणि ८१ माणसे दगावली.

तरी खरा वैरी वाराच. वळवाच्या पावसाआधी फुलकोबीसारखे ढग चढताना आपण पाहतो. दिसायला कापूस! १९४६-४७ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी फ्लॉरिडा व ओहायो येथे अशा ढगांत मुद्दाम विमाने घातली, पाच-पाच हजार फुटांच्या अंतराने एकावर एक. तेव्हा कळले, की ऐन भरातल्या ढगात वर उसळणारा आणि खाली कोसळणारा असे दोन झोत शेजारी शेजारी नांदतात. एकातून दुसऱ्यात शिरणाऱ्या विमानाचे हाल काय वर्णावेत!

२ मे १९५३. कॉमेट या जेट विमानाच्या उतारू-वाहतुकीला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडले आणि हवेतच मोडले. ४३ पैकी एकही वाचला नाही. चौकशीत दोन शक्यता निघाल्या: वाऱ्याचे जबर हिसके, किंवा ते सावरताना वैमानिकाच्या हातून झालेली ओढाताण. मला दुसरी अधिक बोलकी वाटते. कारण आजही वैमानिकाला हेच शिकवतात, की सापडलास तर वेग ठरलेल्या आकड्यावर आण, पंख समतल ठेव. उंची बदलली तर बदलू दे, तिच्याशी झुंजू नकोस. मागे फिरू नकोस, वळताना विमानावरचा भार वाढतो. आणि हो, समोरचे दिवे पुरे उजळ, विजेने डोळे दिपतील!

शहाणा वैमानिक मुळात जबर वादळापासून वीस मैल लांबून जातो. रडार असते, पण ते दाखवते पाऊस. आणि एका दाट सरीआड दडलेली दुसरी त्याला दिसेलच असे नाही.

ढगाखालून जावे म्हटले तर तेथे आणखी एक फसवणूक. कोसळणारा झोत जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो, ते उचलले जाते. क्षणात तोच वारा पाठीमागून येतो आणि पंखांचा आधारच जातो. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसला डेल्टाचे विमान असेच धावपट्टीच्या अलीकडे आपटले. त्यानंतर अमेरिकेतील मोठ्या विमानतळांवर या झोताची चाहूल घेणारी यंत्रे बसली. ती बोलली की विमान वरच घिरट्या घालते, आणि आत उतारू घड्याळे पाहत कुरकुरत बसतात.