द्राक्षमळ्यांवर चालणारे रुग्णालय

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन गावात दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी वाइनचा लिलाव होतो. काही आठवड्यांपूर्वी तोडलेल्या द्राक्षांची, अजून मुरायची असलेली वाइन ओकच्या पिंपांसकट विकली जाते आणि पैसा रुग्णालयाला मिळतो. हा लिलाव १८५९ साली सुरू झाला. ज्या संस्थेसाठी तो होतो, ती ‘ऑस्पिस द बोन’ मात्र त्याहून चार शतकांनी जुनी आहे.

बर्गंडीच्या ड्यूकचा प्रधान निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगॉन द सालँ यांनी १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी हे रुग्णालय स्थापन केले. शंभर वर्षांच्या युद्धाने तो मुलूख पार नागवला होता. १४५२ च्या पहिल्या दिवशी पहिला रुग्ण दाखल झाला. मुख्य दालनात लाकडी छताखाली भिंतींलगत पलंगांच्या रांगा होत्या. दालनाच्या टोकालाच प्रार्थनामंदिर असल्याने रुग्णांना पडल्यापडल्या प्रार्थना ऐकता येई. वेदीवरचे चित्र होते रोगिएर व्हान डर वेडनचे ‘अंतिम न्याय’. आजची कुठलीही चित्रवीथी अभिमानाने मिरवेल अशी ही कलाकृती गरिबांच्या रुग्णालयासाठी काढून घेतली होती, यातच संस्थापकांची दानाची कल्पना दिसते.

पण इमारत आणि चित्र यांच्या जोरावर रुग्णालय पाच शतके चालत नाही. रोलँने खर्चासाठी सालँ गावच्या मीठ-कारखान्यांच्या उत्पन्नातून वार्षिक रक्कम लावून दिली होती. १४५७ मध्ये गियमेत लव्हर्निए नावाच्या स्त्रीने द्राक्षमळा दान केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या अशा देणग्या येत राहिल्या. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखीच ही व्यवस्था: जमीन संस्थेची, पीक दरसालचे. आज संस्थेकडे सुमारे ६० हेक्टर मळे आहेत आणि त्यांतले बहुतेक ‘प्रीमिए क्रू’ व ‘ग्रां क्रू’ या वरच्या दर्जाचे आहेत. अनेक मळ्यांची वाइन एकत्र करून तयार केलेल्या प्रतींना जुन्या दात्यांची नावे आहेत. निकोला रोलँ, गिगॉन द सालँ, रुग्णसेवा करणाऱ्या भगिनी, डॉक्टर पेस्त ही नावे अजून दरवर्षी बोलीत पुकारली जातात.

यात वाइन-व्यापाराचा वाटा कोणता? इथले व्यापारी थेट देणगी देत नाहीत, ते चढ्या भावाने माल घेतात. २२८ लिटरचे पिंप घेतल्यावर वाइन मुरवण्याचे काम बर्गंडीतला व्यापारी आपल्या तळघरात करतो. बाटलीच्या लेबलावर ऑस्पिसबरोबर खरेदीदाराचेही नाव असते. त्यामुळे चढ्या किमतीतला काही भाग दानाचा आणि काही भाग नावलौकिकाचा असतो. यात वावगे काही नाही. व्यापाराचा फायदा आणि रुग्णालयाची गरज यांची गाठ इतकी पक्की बसली, म्हणूनच लिलाव टिकला. २००५ पासून क्रिस्टीज आणि २०२१ पासून सदबीज या लिलावसंस्थांनी तो चालवायला घेतल्यावर जगभरचे खासगी ग्राहकही एखाद्या पिंपासाठी बोली लावू लागले.

१९७८ पासून एक खास पिंप वेगळे काढतात. त्याला ‘अध्यक्षांचे पिंप’ म्हणतात आणि त्याची रक्कम रुग्णालयाऐवजी दरवर्षी निवडलेल्या धर्मादाय संस्थांना जाते. त्यासाठी जुनी रीत पाळतात: छोटी मेणबत्ती पेटवायची आणि ज्योत विझेपर्यंत बोली चालू ठेवायची. व्यासपीठावरचे पाहुणे कलावंत आवाहन करत राहतात, भाव वाढत जातो. २०२२ मध्ये कॉर्तों ग्रां क्रूच्या अशा पिंपाला ८,१०,००० युरो आले. त्या वर्षी ८०० हून अधिक पिंपे विकली गेली.

पिकावर चालणाऱ्या दानाला हवामानाची धास्ती असतेच. एप्रिल २०२१ मध्ये दहिवराने बर्गंडीतले कोवळे कोंब जाळले आणि लिलावातल्या पिंपांची संख्या ४०० च्या खाली आली. टंचाईमुळे दर पिंपाचा भाव चढला, म्हणून उत्पन्न कोसळले नाही. मात्र रुग्णालयाची निकड हंगामावर अवलंबून नसते, हे विसरून चालत नाही.

बोनचा आदर्श ठेवून अमेरिकेत नापा खोऱ्यातल्या वाइन-उत्पादकांच्या संघाने १९८१ मध्ये लिलाव सुरू केला. तिथली पद्धत निराळी होती: उत्पादक स्वतःची वाइन दान करत, धनाढ्य ग्राहक ती घेत आणि पैसा खोऱ्यातल्या आरोग्यसेवा व मुलांच्या शिक्षणाकडे वळे. २००० साली १९९२ च्या ‘स्क्रीमिंग ईगल’ची सहा लिटरची एकच बाटली ५,००,००० डॉलरला गेली. नापाचे दान दरवर्षी उत्पादकांच्या इच्छेवर उभे राही, तर बोनचे दान जमिनीच्या मालकीवर उभे आहे. म्हणूनच बोनची पद्धत अधिक खात्रीची वाटते.

बोनचे जुने रुग्णालय आता संग्रहालय आहे. १९७१ मध्ये तिथली रुग्णसेवा आधुनिक इमारतीत गेली. लिलावाचा पैसा आज त्याच संस्थेच्या रुग्णालयाच्या इमारतींवर आणि उपकरणांवर, तसेच जुन्या वास्तूच्या डागडुजीवर खर्च होतो.